चार बॉबिन, दोन हालचाली: आकृती वाचत बॉबिन लेस शिकताना

बॉबिन लेस म्हणजे लाकडी कांड्यांवर गुंडाळलेल्या दोऱ्यांनी विणायची लेस. तिचा नमुना पहिल्यांदा हातात येतो तेव्हा कागदावर नुसते ठिपके दिसतात. ठिपक्यांची रांगोळी काढलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील. रांगोळीत ठिपके मोजून मांडले, तरी कोणता कोणाला जोडायचा आणि रेघ कुठे वळवायची हे काढणारीला ठाऊक असावं लागतं. इथेही तसंच आहे. रेघेच्या जागी दोरा येतो आणि ठिपक्याच्या जागी टाचणी.

मला हे शिकवायला जवळ कोणी नव्हतं. पुण्यात क्रोशा शिकवणाऱ्या कितीतरी जणी भेटल्या, बॉबिन लेस विणणारी एकही भेटली नाही. म्हणून मी आकृत्यांवरून शिकले, आणि शिकता शिकता एक गोष्ट पक्की कळली: आकृती जोड्यांचा रस्ता दाखवते, पण दोरा किती जाड घ्यायचा, किती ओढायचा, पीळ एक द्यायचा की दोन, आधी कुठला टाका घालायचा, हे बहुतेक वेळा ती सांगत नाही. ते आपण ठरवायचं असतं. या लेखात सुरुवातीची तयारी मी थोडक्यात सांगते आणि आकृती वाचणं व निर्णय घेणं यावर जास्त थांबते, कारण नवखी माणसं तिथेच अडतात.

या लेसला सुई लागत नाही, क्रोशाची आकडीही नाही. दोरे बॉबिनवर गुंडाळलेले असतात, ते जोडीजोडीने कडक उशीवर लोंबतात, एकमेकांवरून टाकले जातात आणि टाचण्यांनी जागच्या जागी धरून ठेवले जातात. सोळाव्या शतकात इटली आणि आजच्या बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये ही कला बहरली आणि तिथून युरोपभर गेली. स्लोव्हेनियातल्या इद्रिया गावात 1876 पासून लेसची शाळा आहे, आणि तिथल्या बॉबिन लेसला 2018 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. आपल्याकडेही ही कला अगदीच अनोळखी नाही. दक्षिणेत नागरकोइलला 1820 च्या दशकात मार्था मॉल्ट या मिशनरी बाईंनी मुलींना ती शिकवली. श्रीलंकेत गॉल आणि वेलिगामाच्या किनाऱ्यावर तिला 'बीरलु' म्हणतात. बॉबिनला पोर्तुगीजमध्ये 'बिल्रो' म्हणतात, त्यावरून ते नाव आलं.

प्रकार पुष्कळ आहेत, पण सुरुवात टॉर्शनने करावी असं माझं स्पष्ट मत आहे. टॉर्शन या फ्रेंच शब्दाचा अर्थच फडकं. ही रोजच्या वापराची, धट्टीकट्टी लेस. तिचे ठिपके साध्या चौकटीच्या कागदावर 45 अंशांच्या तिरक्या रेषांत बसतात, त्यामुळे नमुना स्वतः काढता येतो. जाड दोऱ्याने विणता येते, आणि चूक झाली तर डोळ्यांना लगेच दिसते.

जमवाजमव

उशी कडक हवी. अंगठ्याने दाबली तर जेमतेम दबावी आणि टाचणी आत गेल्यावर हलू नये. जुन्या काळी पेंढा किंवा भुसा ठासून भरत. मी दाट फोमचा साधारण 40 सें.मी. व्यासाचा गोल तुकडा घेऊन त्यावर गडद निळा सुती कपडा ताणून शिवला. गडद रंगावर पांढरा दोरा उठून दिसतो, आणि डोळे दुखत नाहीत. थर्मोकोल पहिल्या दोन-तीन नमुन्यांना चालतो. मग भोकं सैल होतात आणि टाचण्या डुलायला लागतात.

टाचण्या पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. माझी पहिली पट्टी जुलै महिन्यात आठवडाभर उशीवर राहिली. टाचण्या साध्या होत्या. पावसाळी हवेत त्या गंजल्या आणि पट्टीची एक अख्खी कड तांबूस ठिपक्यांनी भरली. ते डाग शेवटपर्यंत निघाले नाहीत.

बॉबिन म्हणजे साधारण पेन्सिलीएवढी जाड, 10 सें.मी. लांब लाकडी कांडी. वरच्या टोकाला बारीक मान असते, दोरा तिथे राहतो. लाटणी आणि रव्या घडवणाऱ्या कारागिराला एक नमुना दाखवला तर तो लेथवर करून देतो. माझ्या तशाच केलेल्या आहेत. तोवर जुन्या पेन्सिली कापून एका टोकाशी खाच पाडली तरी शिकण्यापुरतं काम होतं. पहिल्या पट्टीला 12 पुरतात.

दोरा सुती, गुळगुळीत आणि घट्ट पिळाचा हवा. मी शिकताना 10 नंबरचा क्रोशाचा दोरा वापरला, आणि ठिपक्यांसाठी 4 मि.मी.ची चौकट. बारीक 20 नंबर घेतला तर चौकट 3 मि.मी.वर आणते. लोकर नको. तिचे तंतू एकमेकांत अडकतात आणि टाका ओढून बसवता येत नाही.

आता नमुना. शाळेच्या आलेख कागदावर दर 4 मि.मी.ला उभ्या-आडव्या रेघा मारा. बुद्धिबळाच्या पटावरचे फक्त काळे खण धरावेत तसे एक सोडून एक छेदबिंदू ठिपक्यांनी भरा. म्हणजे एकाच उभ्या रांगेतल्या दोन ठिपक्यांत 8 मि.मी. अंतर येईल, आणि शेजारची रांग अर्ध्या अंतराने खाली सरकलेली दिसेल. कागद फाईलच्या पुठ्ठ्यावर चिकटवा, वर पारदर्शक चिकट प्लास्टिक लावा आणि प्रत्येक ठिपक्याला सुईने आरपार, अगदी सरळ भोक पाडून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण घाई करू नका. भोक तिरकं पडलं तर टाचणी तिरकी जाते आणि लेसची कड वाकडी होते.

दोरा गुंडाळताना जोडीसाठी एकच सलग तुकडा घ्या, सुमारे तीन मीटर. अर्धा एका बॉबिनवर, उरलेला अर्धा दुसरीवर. मधे गाठ नाही. शेवटी बोटावर एक फास घेऊन तो बॉबिनच्या मानेत अडकवला की दोरा आपोआप उलगडत नाही. बॉबिन थोडी फिरवली की मात्र हवा तेवढा सुटतो.

दोनच हालचाली

गोव्याच्या शिमग्यात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात गोफ नाच पाहिला असेल. वर टांगलेल्या रंगीत दोऱ्यांचं एकेक टोक हातात धरून मुली एकमेकींना आतून-बाहेरून ओलांडतात आणि वर गोफ विणला जातो. बॉबिन लेस म्हणजे उशीवर आडवा पाडलेला गोफच.

एका वेळी फक्त चार बॉबिन हाताळायच्या, म्हणजे दोन जोड्या. डावीकडून जागांना 1, 2, 3, 4 असे आकडे द्या. आकडे जागांचे आहेत, बॉबिनचे नाहीत. बॉबिन सरकली की तिचा आकडा बदलतो. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी लढाई जिंकली.

पहिली हालचाल क्रॉस: 2 वरची बॉबिन 3 वरून टाकायची, डावी उजवीवरून. मी मनात 'ओलांड' म्हणते. दुसरी ट्विस्ट, म्हणजे 'पीळ': दोन्ही जोड्यांत उजवी बॉबिन डावीवरून, 2 ही 1 वरून आणि 4 ही 3 वरून. ओलांडताना नेहमी डावी वर, पिळताना नेहमी उजवी वर. हा नियम मोडला की कापडात दोरा मोकळा तरंगत राहतो, आणि ते चार ओळींनंतर लक्षात येतं.

या दोन हालचालींतून टाके तयार होतात. ओलांड-पीळ-ओलांड हा कापडी टाका. ओलांड-पीळ एवढाच अर्धा टाका. ओलांड-पीळ-ओलांड-पीळ हा दुहेरी टाका. टॉर्शनचा जवळजवळ सगळा संसार एवढ्यावर चालतो.

वाचून पुढे जाऊ नका. एक प्रयोग करा. डावी जोडी लाल दोऱ्याची घ्या, उजवी पांढऱ्याची. कापडी टाका घाला. लाल जोडी अख्खी उजवीकडे गेलेली दिसेल, पांढरी अख्खी डावीकडे. दोन्ही जोड्या एकमेकींमधून आरपार गेल्या. आता सगळं पूर्ववत करून अर्धा टाका घाला. डावीकडून पांढरा, लाल, पांढरा, लाल असा क्रम दिसेल. म्हणजे प्रत्येक जोडीचा एकेक जोडीदार बदलला. कापडी टाक्यात जोड्या टिकतात, अर्ध्या टाक्यात त्या फुटून नव्याने जुळतात. पुढे रंगीत दोऱ्याने विणाल तेव्हा रंग कुठे सरळ जाईल आणि कुठे विखुरेल, हे या एका प्रयोगातून कळतं.

याच चार बॉबिननी अर्धे टाके घालत राहा. बारीक चपटी वेणी तयार होईल. 10 सें.मी. विणा. हात लयीत आल्याशिवाय आकृतीकडे वळू नका.

पहिली पट्टी

सहा जोड्या लागतील. पाच उभ्या, म्हणजे आपल्या मागाच्या भाषेत ताणा. एक आडवी जाणारी, म्हणजे बाणा. पट्टीची रुंदी 16 मि.मी. ठेवा; दोन्ही कडांवर दर 8 मि.मी.ला भोकं, डावी-उजवी आलटून पालटून.

जोड्या वरच्या बाजूला टाचण्यांवर अडकवा, बाण्याची जोडी सगळ्यात डावीकडे. ती प्रत्येक उभ्या जोडीतून कापडी टाक्याने न्या. पाच टाके झाले की ती उजव्या कडेला पोचते. तिला दोन पीळ द्या, आणि कडेच्या भोकात टाचणी अशी रोवा की ती बाण्याची जोडी आणि शेवटची उभी जोडी यांच्या मधे येईल. टाचणी किंचित बाहेर आणि मागे झुकलेली असावी. मग जोडीला टाचणीच्या खालून वळवून उलट दिशेने तसेच पाच टाके. डाव्या कडेला पुन्हा दोन पीळ आणि टाचणी.

दर ओळीनंतर उभ्या जोड्या हळूच खाली ओढून सरळ करा. बाण्याची जोडी कमी ओढा, नाहीतर कडा आत खेचल्या जातात आणि पट्टीला कंबर पडते. बॉबिन आणि विणीच्या मधला मोकळा दोरा सगळीकडे सारखा, चार-पाच बोटं लांब ठेवा. बाण्याचा दोरा भराभर संपतो, म्हणून त्या जोडीवर सुरुवातीलाच दुप्पट गुंडाळा.

एक हात लांब पट्टी विणून झाली की पुढे चला.

आकृती वाचायची कशी

लेसचा नमुना तीन प्रकारे कागदावर येतो.

सगळ्यात उघडा प्रकार म्हणजे फक्त भोकांचा पुठ्ठा. ठिपके, आणि फार तर एखादी दिशादर्शक रेघ. जुन्या कारागीर बायकांना एवढं पुरत असे, कारण वीण त्यांना लहानपणापासून तोंडपाठ होती.

दुसरा प्रकार जोड्यांच्या आकृतीचा. शिकताना हीच सगळ्यात उपयोगी. इथे एक रेघ म्हणजे एक दोरा नाही, एक जोडी, म्हणजे दोन बॉबिन. सुरुवातीला नेमका इथेच गोंधळ होतो: रेघा मोजून माणसं तेवढ्याच बॉबिन भरतात आणि निम्म्यावर अडकतात. दोन रेघा जिथे छेदतात तिथे टाका, मोठा ठिपका म्हणजे टाचणी, रेघेवरची आडवी छोटी रेघ म्हणजे एक जादा पीळ. दोन आडव्या रेघा म्हणजे दोन पीळ. टाका कुठला हे रंगावरून कळतं. बेल्जियममध्ये रुळलेल्या आणि आता अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत जांभळा म्हणजे कापडी टाका, हिरवा अर्धा टाका, लाल दुहेरी टाका. आकृती काळी-पांढरी असेल तर पहिलं काम म्हणजे रंगीत पेन्सिली घेऊन ती स्वतः रंगवणं. रंगवताना जिथे पेन्सिल थबकते, तिथे विणताना हातही थबकणार असतो. ती जागा आधीच कळते.

तिसरी आकृती दोऱ्यांची. इथे प्रत्येक दोरा वेगळा काढलेला असतो, कोण वरून आणि कोण खालून हेही. एखाद्या गुंत्याच्या जागेचा उलगडा करायला ती उत्तम, पण अख्खा नमुना तिच्यावरून विणायला बसू नये. नजर दोऱ्यांच्या गर्दीत हरवते.

टाक्यांची नावं प्रत्येक देशात वेगळी आहेत, आणि इंग्रजीतही एकच नाव दोन वेगळ्या टाक्यांना लावलेलं सापडतं. म्हणून नावावर विसंबू नका. हालचालींची अक्षरं पाहा. इंग्रजी आणि फ्रेंच नमुन्यांत क्रॉसला सी आणि पिळाला टी असतं. डच आणि जर्मन नमुन्यांत के आणि डी. काही परंपरांत टाका पिळापासून सुरू होतो आणि ओलांडण्यावर संपतो. घाबरायचं कारण नाही. पीळ टाक्याच्या शेवटी मोजला काय किंवा पुढच्या टाक्याच्या सुरुवातीला, शेजारीशेजारी टाके असतील तर वीण तीच निघते. मात्र एकाच नमुन्यात मधेच पद्धत बदलू नका. बदललीत तर कुठेतरी एक पीळ दोनदा मोजला जातो किंवा अजिबात पडत नाही.

किती जोड्या लागतील, हे नमुन्यावर लिहिलेलं नसेल तर एक साधा उपाय आहे. आकृतीवर फूटपट्टी आडवी ठेवा आणि तिच्या कडेला किती रेघा छेदतात ते मोजा. मग फूटपट्टी खाली सरकवून दुसऱ्या ठिकाणी मोजा. वाटेत जोड्या जोडल्या किंवा कमी केल्या नसतील तर आकडा तोच यायला हवा. वेगळा आला तर तुम्ही एखादी रेघ चुकवली आहे, किंवा आकृतीतच काही सुटलं आहे. छापील आकृत्यांतही चुका असतात. मला दोनदा सापडल्या आहेत. मोजल्याशिवाय बॉबिन भरायला बसू नका.

आता क्रम. जोड्यांची आकृती सगळा रस्ता एकदम दाखवते, पण आधी कुठला टाका आणि नंतर कुठला, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. नियम एकच आहे, तो असा: टाक्याला दोन वाटांनी दोन जोड्या येतात, दोन्ही येऊन पोचल्याशिवाय तो टाका घालता येत नाही. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर समोरची गाडी येईपर्यंत आपली गाडी क्रॉसिंगला थांबते, तसंच. पुढचा ठिपका मोहात पाडतो, जोडी हाताशी असते, पण दुसऱ्या बाजूची जोडी अजून वर दोन टाक्यांमागे अडकलेली असते. थांबा, आधी तिला खाली आणा.

या नियमातून टॉर्शनची तिरकी चाल आपोआप निघते. जाळीचा भाग आडव्या ओळींनी विणत नाहीत. वरच्या एका कोपऱ्यातून तिरक्या रांगेने खाली उतरतात, मग पुढची तिरकी रांग. प्रत्येक ठिपक्यावर अर्धा टाका, टाचणी, पुन्हा अर्धा टाका, आणि टाचणी दोन टाक्यांच्या मिठीत बसते. सुरुवातीला मी आकृतीची प्रत काढून प्रत्येक पूर्ण झालेल्या ठिपक्यावर पेन्सिलने खूण करत असे. चहाला उठून परत आलं तरी जागा सापडते, आणि खुणांची तिरकी कड पाहिली की पुढचा मोकळा ठिपका कुठला हे दिसतं.

आणखी एक सवय लावून घ्या. नवी आकृती समोर आली की लगेच उशीवर बसू नका. बोट एका जोडीवर ठेवा आणि वरपासून खालपर्यंत तिचा प्रवास करा: इथे जाळीत, इथे कापडात शिरली, इथे कडेला वळली. दोन-तीन जोड्यांचा असा प्रवास केला की नमुना ओळखीचा होतो. इंग्रजी नमुन्यांत सरळ कड उजवीकडे असते आणि युरोपातल्या इतर ठिकाणच्या नमुन्यांत बहुधा डावीकडे, म्हणून कड शोधताना गोंधळू नका. उलटी वाटली तर आकृती पारदर्शक कागदावर काढून पालथी करा.

आकृती गप्प असते तिथे

स्वित्झर्लंडमधल्या ज्यूरिकमध्ये 1561 च्या सुमारास बॉबिन लेसचं एक नमुन्यांचं पुस्तक छापलं गेलं. करणाऱ्या बाईंनी आपलं नाव न देता फक्त आर. एम. ही आद्याक्षरं दिली, आणि ही कला 1536 साली व्हेनिसच्या व्यापाऱ्यांबरोबर तिथे आली असं सांगितलं. त्यात छापली होती ती तयार लेसची चित्रं. आजच्यासारखी रंगीत आकृती तेव्हा नव्हती. चित्र पाहायचं, हातातला दोरा पाहायचा आणि बाकीचं स्वतः ठरवायचं. आजही त्यातलं बरंच ठरवणं आपल्याकडेच उरलं आहे.

सगळ्यात आधी दोरा आणि चौकट यांचं नातं. आकृती कुठल्याही आकारात छापता येते, पण दोऱ्याची जाडी तिच्याबरोबर बदलत नाही. एखादा मोठा नमुना घेण्याआधी त्याच चौकटीवर, त्याच दोऱ्याने 4 सें.मी.चा तुकडा विणून उशीवरून काढा. बोटांवर ठेवला की मान टाकत असेल तर दोरा बारीक आहे. पुठ्ठ्यासारखा ताठ उभा राहिला आणि जाळीची भोकं बुजली असतील तर जाड. कापडी टाक्याच्या भागातून मागचं बोट धूसर दिसावं, तेवढं ठीक.

मग पीळ. हा एक मुद्दा बहुतेक आकृत्या गृहीत धरतात आणि सांगत नाहीत: कापडी टाक्याचा शेवट ओलांडण्यावर होतो, म्हणून त्यातून बाहेर पडणारी जोडी उघडी, पिळाविना असते. ती तशीच जाळीत गेली तर तिथे एक ढिला, पसरट दुवा दिसतो. कापडातून जाळीत जाताना जोडीला एक पीळ द्यायचा. हे मला दोन महिने कुणी सांगितलं नाही. माझी जाळी कापडाच्या भोवतीच का विस्कटते ते कळेना. शेवटी दोऱ्यांची आकृती मोठी करून एकेक दोरा बोटाने चाचपत गेले, तेव्हा दिसलं.

कडेला एक पीळ की दोन, हे टाचणी काढल्यावर राहणाऱ्या भोकावरून ठरवा. एका पिळाने भोक लांबट आणि ढिलं राहतं, दोघांनी गोल आणि रेखीव. जाड दोऱ्याला कधी एकच पुरतो.

कोळ्याच्या आकृतीत तर डोळाच महत्त्वाचा. टॉर्शनमध्ये 'कोळी' म्हणजे दोन्हीकडून पाय आलेला एक गाभा. दोन डाव्या आणि दोन उजव्या जोड्यांचा छोटा कोळी घेतला तर पायांना आधी पीळ द्यायचे, मग प्रत्येक डावी जोडी दोन्ही उजव्यांतून कापडी टाक्याने न्यायची, असे चार टाके. मध्यावर टाचणी. मग पुन्हा चार टाके, आणि बाहेर पडणाऱ्या पायांना तेवढेच पीळ. नमुन्यात साधारण तीन पीळ असतात. पण पाय लांब असेल आणि दोरा बारीक, तर तीन पिळांत तो सैल लोंबतो; चार द्या. पाय आखूड असेल तर तीन पिळांनी दोरा गाठीसारखा वळतो; दोन पुरेत. पाय ताठ आणि दोरीसारखा गोल दिसला पाहिजे, हीच कसोटी. आणि एकदा ठरवलं की त्या तुकड्यातल्या सगळ्या कोळ्यांना तोच आकडा.

ताण शब्दांत पकडता येत नाही, पण पाहून कळतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात योहानेस व्हर्मीरचं लेस विणणाऱ्या मुलीचं चित्र आहे, 1669-70 च्या सुमाराचं, जेमतेम 24 सें.मी. उंच. त्यात तिच्या बोटांतले दोरे पाहा: सरळ, ताणलेले, पण हात आखडलेला नाही. टाका घालताना ढिला असला तरी चालतो. टाचणी रोवल्यावर दोन्ही जोड्या एकदा अलगद ओढून टाका टाचणीला टेकवायचा. कोळ्याच्या मध्यावर टाचणी लागल्यावर मात्र सगळे पाय एकेक करून नीट ओढा, नाहीतर त्याचं पोट सुटतं.

चूक सापडली तर

गोफ नाचात मुली उलट पावलांनी फिरतात आणि विणलेला गोफ पूर्ण सुटतो. लेसचंही तसंच आहे. इथे काहीच कापावं लागत नाही. शेवटची हालचाल उलटी करायची, मग तिच्या आधीची. पिळाची बॉबिन परत, ओलांडलेली बॉबिन परत, टाचणी बाहेर. किती मागे जायचं हे ठरवण्यासाठी संशयित जोडी हळूच ओढा आणि वर वीणीत कुठला दोरा हलतो ते पाहा. हलणारा दोरा ज्या टाक्यापाशी वाकडा वळतो, तिथे चूक आहे. दोन बॉबिनची अदलाबदल झाली असेल तर कापडात एक तिरकी रेघ दिसते. पीळ राहिला असेल तर जाळीत मोठं भोक पडतं.

सगळ्या चुका उसवायच्या का? कापडी टाक्यातली चूक मी नेहमी उसवते, कारण ती कायम नजरेत भरते. जाळीत खोल गेलेली एका पिळाची उणीव, दोरा कमकुवत असेल तर, मी तशीच ठेवते. तीनदा उसवलेला सुती दोरा फुसका होतो आणि त्याची खूण चुकीपेक्षा जास्त दिसते.

दोरा तुटला किंवा संपला तर विणीच्या मधोमध गाठ मारू नका. नवी बॉबिन वरच्या बाजूला एका टाचणीवर अडकवा, जुनी आणि नवी दोन्ही मिळून एकाच बॉबिनसारख्या आठ-दहा टाके चालवा, मग जुनी मागे टाका. टोकं शेवटी कापायची. कापडी टाक्याच्या भागात हे करा. तिथे जादा दोरा लपतो.

उशीवरून उतरवताना

पहिल्यांदा पुस्तकखूण करा: 15 सें.मी.ची पट्टी, दोन्ही कडांना कापडी टाका, मधे जाळी आणि तीन छोटे कोळी. शेवटी समोरासमोरच्या जोड्या सुलट्या गाठीने बांधा, दोरे चार बोटं लांब ठेवून कापा आणि गोंडा करा.

टाचण्या लगेच काढू नका. विणून झालेला तुकडा निदान एक दिवस उशीवर राहू द्या, पावसाळ्यात दोन. विणतानासुद्धा मागच्या टाचण्या निदान 7-8 सें.मी. मागे पडल्याशिवाय काढायच्या नाहीत, आणि कडेच्या सगळ्यात शेवटी. टाचणी सरळ वर ओढा. तिरकी ओढली तर टाका तिच्याबरोबर येतो.

तुकडा हातात आला की वहीत चिकटवा आणि शेजारी लिहा: दोरा कुठला, चौकट किती मि.मी., कडेला किती पीळ, कोळ्याच्या पायाला किती, आणि आकृतीत नसलेली कुठली गोष्ट तुम्ही स्वतः ठरवली. तारीखही घाला. पुढच्या नमुन्यासाठी बॉबिन भरण्याआधी हे पान उघडून बसा.